बाहेरच्या अंगाची शिवण

एका गावात एक बाई होती, आणि तिला कुठल्याही कापडाची उलटी बाजूच आधी दिसायची. तिचं नाव गिरजा. आपण भरतकाम पाहतो तेव्हा त्यातली फुलं पाहतो, मोर पाहतो. गिरजा मात्र ते हातात आलं रे आलं की झटकन उलटं करायची आणि मागच्या गाठी शोधायची. गाठ सापडली की तिच्या ओठांचा चंबू व्हायचा. त्या चंबूला सगळ्या आळीतल्या बायका घाबरून असायच्या.

तिचा स्वतःचा हात मात्र खरोखरच देवानं दिलेला. टाका मोहरीहून बारीक. तिनं शिवलेल्या चोळीची सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती, हे घालणारीलाही चटकन कळत नसे. क्रोशाची सुई घेऊन बसली की तोरणं, रुमाल, पंखे असे उतरायचे की बघतच राहावं. आसपासच्या कुठल्याही लग्नात रुखवत मांडलं की त्यात गिरजाच्या हातची एक तरी वस्तू असायचीच, खळ देऊन कडक केलेली, मान ताठ ठेवून उभी.

गिरजाला मूल नव्हतं. पण भाऊ आणि भावजय एका साथीत गेले, आणि त्यांची सहा वर्षांची यमू तिच्या दारात आली. त्या दिवसापासून यमू तिची लेक झाली. 'आत्या, आत्या' करत ती गिरजाच्या पदराला धरून वाढली, मोठी झाली, सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणासाठी परत आत्याकडेच आली.

बाळंतपण जड गेलं. सकाळपासून गिरजा अंगणात नुसत्या येरझारा घालत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यानं सुई धरवत नव्हती. दिवस कलताना आतून रडण्याचा बारीक आवाज आला आणि सुईण दारात येऊन म्हणाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." गिरजा तिथेच मातीत बसली आणि हात जोडून रडू लागली. कुणाकुणाचे आभार मानू असं तिला होऊन गेलं. तिनं ग्रामदेवीचे मानले, सुईणीचे मानले, गोठ्यातल्या गाईचेसुद्धा मानले.

त्या गावात एक रीत होती. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. जन्मलं की मग बारशापर्यंतच्या बारा दिवसांत काय ते शिवायचं. आळीतल्या बायका आपल्या हातचं काहीबाही घेऊन यायच्या. कुणी दुपटं, कुणी टोपडं, कुणी चिंध्यांची बाहुली. बारशाच्या दिवशी हे सगळं बाळाच्या अंगावर नाहीतर पाळण्यात असायचं.

गिरजानं दुसऱ्याच दिवशी क्रोशाची सुई उचलली. पांढऱ्याशुभ्र दोऱ्याची कुंची करायची, डोक्यापासून पायापर्यंत, कडेनं मोत्यांची झालर. यमूच्या सासरची माणसं बारशाला येणार होती, आणि यमूच्या माहेरात काय जीव आहे ते त्यांना दिसायला हवं होतं. आई नाही, बाप नाही, म्हणून पोरीला कुणी कमी लेखू नये, एवढीच तिची धडपड. कुंची विणून झाली तेव्हा गिरजानं तिला नेहमीसारखी खळ दिली. वाळल्यावर कुंची जमिनीवर ठेवली तर ती बाळाशिवायच उभी राहिली. गिरजा तिच्याकडे कौतुकानं बघत बसली.

आठव्या दिवशी शेजारची ठकू आली. ठकूच्या घरी तेलाचा घाणा होता. पाच पोरांची आई, दिवसभर राबणारी, हात खरखरीत. पदराखालून तिनं एक लहानसं झबलं काढलं.

"गिरजाताई, बघा बरं जमलंय का," ती संकोचून म्हणाली. "माझ्या जुन्या लुगड्याचं हाय. धुऊन धुऊन पार लोणी झालंय. तुमच्या यमूनं लहानपणी माझ्या पोरांचे पाळणे हलवलेत. मी घाण्यावर असायची आन् ही एवढीशी पोर त्यांना जोजवत बसायची. त्याची फेड कापडानं व्हायची न्हाई, पण मला राहवेना."

गिरजानं झबलं घेतलं आणि सवयीनं उलटं केलं. उलटं केलं तर शिवण दिसेना. म्हणून पुन्हा सुलटं केलं, तर सगळी शिवण बाहेरच्याच अंगाला! कापडाच्या कडा बाहेर, गाठी बाहेर, दोऱ्यांची टोकंही बाहेर लोंबत होती. टाके तर असे, की जणू कोंबडी चालून गेली असावी.

तिच्या ओठांचा चंबू झाला. "ठेव तिकडे," ती म्हणाली.

ठकू झबलं ठेवून गेली. गिरजा त्याच्याकडे पाहत राहिली. यमूची सासू हे पाहील तर काय म्हणेल? यांच्या आळीत बायकांना शिवणीची आतली-बाहेरची बाजू कळत नाही, असंच ना? पण यमूनं तर दुरूनच पाहून म्हटलं होतं, "ठकूमावशीचं झबलं मला बारशाला हवं हं, आत्या." म्हणजे ते बाजूलाही ठेवता येईना.

मग गिरजानं काय केलं? सुईच्या टोकानं ठकूचा एकेक टाका उसवला. त्याच कापडाचं झबलं पुन्हा शिवलं. शिवण नीट आतल्या अंगाला घेतली, कडा दुमडून पक्क्या केल्या, काखेत दुहेरी शिवण घातली, गळ्याला क्रोशाची नाजूक लेस लावली. एवढ्यावर थांबली असती तर ती गिरजा कसली! तिनं झबल्यालाही हलकीशी खळ दिली. ठकूला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? आपण तिचं काम सुधारलंच आहे, असं तिला मनापासून वाटत होतं.

बारशाचा दिवस उजाडला. घर माणसांनी भरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला फुलं बांधली. यमूची सासू आणि नणंद लांबून बैलगाडीनं आल्या. बाळाला न्हाऊ घातलं, झबलं घातलं, वरून कुंची चढवली. कुंची बघून विहीणबाईंनी तोंडात बोटं घातली. "काय हात आहे हो तुमचा!" त्या म्हणाल्या, आणि गिरजाचा ऊर भरून आला.

तेवढ्यात ठकू पुढं झाली. बाळाच्या गळ्याशी तिनं झबल्याची लेस पाहिली. काखेपाशी बोट घालून शिवण चाचपली. तिचा चेहरा एकदम उतरला. ती मागं सरून बायकांत बसली.

आणि बाळानं भोकाड पसरलं.

आधी सगळ्या हसल्या. मग पाळणा जोरात हलवला, खुळखुळा वाजवला, यमूनं पदराखाली घेतलं. बाळ काही थांबेना. कुणी म्हणालं भूक, कुणी म्हणालं पोटात दुखतंय. ओव्याचा शेक झाला. मीठ-मोहरीनं दृष्ट काढून झाली. कुंची काढली, तरी रडणं चालूच. बाळाची आत्या म्हणून यमूची नणंद नाव सांगायला पाळण्यापाशी वाकली, पण बाळाच्या कानाशी तोंड नेण्याचीही सोय नव्हती. रडून रडून बाळ लालबुंद झालं, श्वास अडखळायला लागला, आणि यमूच्या डोळ्यांतूनही पाणी वाहू लागलं.

"इकडे आणा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी झबल्याची बाही वर केली. इवल्याशा काखेत लाल वळ उठला होता. मानेखाली एक, कुशीवर एक. जिथं जिथं शिवण, तिथं तिथं वळ.

बायका पुढं सरून ते वळ बघू लागल्या. बाळ रडतच होतं.

"कुणी शिवलं हे झबलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"ठकूमावशीनं," यमू गोंधळून म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा ठकूकडे वळल्या. ठकूनं एकदा गिरजाकडे पाहिलं. मग पदराचं टोक मुठीत धरून मान खाली घातली. "व्हय," ती हळूच म्हणाली, "मीच शिवलं."

"अहो, शिवता येत नाही तर कशाला हौस करावी?" विहीणबाई कडाडल्या. "बारा दिवसांचा जीव तो!"

खरी गोष्ट या घरात दोघींनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकीनं दोष आपल्या डोक्यावर घेतलासुद्धा. आता गिरजा नुसती गप्प राहिली असती, तरी तिचं नाव शाबूत राहणार होतं. विहिणीपुढं मान, गावात मान. ओठ मिटून ठेवायचे, बस्स.

पण समोर ठकूचे हात होते. तेलानं काळवंडलेले, खरखरीत. त्या हातांकडे पाहता पाहता गिरजाला तो अंगणातला दिवस आठवला. आपण त्या दिवशी गाईचेसुद्धा आभार मानले. आणि बाळासाठी आपलं लोण्यासारखं लुगडं फाडून जिनं झबलं आणलं, तिला साधं 'बरं केलंस गं' एवढंही म्हटलं नाही. 'ठेव तिकडे' म्हणालो.

गिरजाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला तिथं उभं राहवेना. तरी ती उभी राहिली.

"थांबा, विहीणबाई," ती म्हणाली. "ठकूला बोलू नका. तिनं शिवलेलं झबलं हे नव्हेच. तिचं मी उसवलं आणि पुन्हा शिवलं. आतली शिवण माझी, खळ माझी, आणि बाळाच्या अंगावर उठलेले वळही माझेच."

विहीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. यमू आत्याकडे बघतच राहिली. गिरजा ठकूपुढं जाऊन बसली आणि तिनं ते खरखरीत हात आपल्या हातांत घेतले.

"ठकू, तू शिवण बाहेर का घेतली होतीस गं? मी तुला विचारायलाच हवं होतं. आता विचारते, सांगशील?"

ठकूचे डोळे भरून आले. "ताई, माझ्या थोरलीच्या वेळी म्यापण शिवण आतच घेतली होती. चार दिस पोर रडली. मग तिच्या अंगावरचे चट्टे दिसले. तवापासून लहान्या जिवाच्या झबल्याची शिवण बाहेर घेते. वंगाळ दिसतं, पण अंगाला मऊ बाजू लागते."

"मग आता काय करायचं?" यमूनं रडवेल्या आवाजात विचारलं.

ठकूनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच हसली. "काय करायचं? कोमट पाण्यातनं खळ काढायची, चुलीपाशी वाळवायचं आन् उलटं करून घालायचं."

तसंच केलं. झबलं वाळेपर्यंत ठकूनं बाळाला उघड्या अंगानं आपल्या पदरात घेतलं, वळांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मग ते उलटं केलेलं झबलं घातलं. बाळानं दोन हुंदके दिले, एक जांभई दिली आणि झोपून गेलं. यमूचा जीव भांड्यात पडला.

शिवण आता सगळ्यांना दिसेल अशी बाहेर आली होती. विहीणबाईंनी ती बोटानं चाचपली. "टाका मात्र मोहरीएवढा आहे हो," त्या म्हणाल्या, "लपवून ठेवण्यासारखा नव्हताच." त्यावर गिरजासकट सगळ्या हसल्या. मग विहीणबाई ठकूकडे वळून म्हणाल्या, "मी उगाच तोंड सोडलं. राग धरू नका."

नणंदेनं झोपलेल्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगितलं. शेवंता. ते सगळ्यांना नीट ऐकू आलं.

मग ओटी भरायची वेळ आली. पहिली ओटी विहिणीची, असं गिरजानं आधीपासून ठरवलेलं. खण-नारळाचं ताट घेऊन ती उठली, विहिणीसमोर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "विहीणबाई, तुमची हरकत नसेल तर आज पहिला मान ठकूचा." विहीणबाईंनीच हात धरून ठकूला पाटावर बसवलं. गिरजानं तिची ओटी भरली आणि भरल्या घरात वाकून म्हणाली, "ठकू, तुझं लुगडं माझ्या नातीच्या अंगाला लागलं. मी तुझी ऋणी आहे गं."

ठकूनं गिरजाचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं.

पुढं कुंचीचीही खळ धुऊन निघाली. आता ती जमिनीवर उभी राहत नसे, पण शेवंता तिच्यात तासन् तास झोपायची. गिरजा आणि ठकू दुपारी ओट्यावर एकत्र शिवायला बसू लागल्या. एकीनं झबल्याचं कापड निवडायचं, दुसरीनं टाका घालायचा. त्या गावात अजूनही तान्ह्या बाळाचं झबलं शिवतात ते बाहेरच्या अंगाच्या शिवणीचंच. गिरजाची सवय म्हणाल तर पूर्ण गेली नाही. कुणाचंही काम हातात आलं की ती अजून आधी उलटी बाजू बघते. फक्त आता ओठांचा चंबू करण्याआधी ती विचारते, "हे असं का केलंस गं?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: कुणी आपल्या हातानं केलेलं काही प्रेमानं दिलं, तर चूक शोधण्याआधी देणाऱ्याचे आभार मानावेत, कारण आपल्याला जे वाकडं दिसतं, ते कदाचित ज्याच्यासाठी केलं त्याच्या सुखाचा विचार करूनच केलेलं असतं.