मुराळी आणि गूळलोणी

पाय आत घ्या सगळ्यांनी. दौल्या, पांघरूण ओढू नकोस, चंपीचंही आहे ते. हं, ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गवळवाडी होती. वाडीच्या टोकाला सगुणा राहायची. सगुणेला नवरा नव्हता, सासू नव्हती, दीर नव्हता. होती एक लेक, तानी. आणि होती एक म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी.

आणि सगुणेला माहेर नव्हतं, बरं का. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नव्हताच. सण आला की वाडीतल्या सुनांना माहेरी न्यायला मुराळी यायचे. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. पाहुणचार घ्यायचे नि बाईला घेऊन जायचे. सगुणेच्या दारात कुणी यायचं नाही. ती आपली डेऱ्यापाशी बसायची, रवीची दोरी ओढायची नि हळूच म्हणायची,

सरली गं दिवाळी, वाट दिसे रिकामी,
मुराळ्याविना बाई, घुसळिते ताक मी.

तानीला वाईट वाटायचं. म्हणायची, "आये, तुझा मुराळी येईल एक दिवस. बघ तू."

"येईल की," सगुणा म्हणायची. "सगळ्यांचाच येतो."

आता सगुणेचं लोणी कसं होतं, ते ऐका. लोणी वाडीत घरोघर निघायचं. पण सगुणा काय करायची, लोणी निघालं की गार पाण्यात धुवायची. पाणी पांढरं आलं की ओतायचं, परत धुवायचं, निवळ पाणी येईस्तोवर. मग त्यात गूळ किसून घालायची. वेलदोडा कुटून घालायची. आणि मिठाची एक कणी. एकच. "मिठावाचून गोडाला चव नाही," म्हणायची. मग तळहातानं फेस फेस फेसायची. तव्यावरची भाकरी उतरवली की पापुद्रा सोडवायचा नि आत ते लोणी भरायचं. वितळायच्या आत खायचं! तानी रोज सकाळी तेच खायची. बोटं चाटायची, मनगटापर्यंत.

पहाटगारव्याला मायलेकी समोरासमोर पाटावर बसायच्या. मधे डेरा. दोरीचं एक टोक सगुणेच्या हातात, दुसरं तानीच्या. आई ओढायची, मग लेक ओढायची. घुर्र... घुर्र... तानीचा जोर तो केवढा! पण सगुणा म्हणायची, "तू ओढलंस म्हणून आलं बघ लोणी."

मग एका उन्हाळ्यात काय झालं, ऐन दिवेलागणीला एक पाहुणा दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पांढरं मुंडासं.

"सगुणाबाई," म्हणाला, "न्यायला आलोय."

तानी नाचायलाच लागली. "आये, मुराळी आला! तुझा मुराळी आला!"

सगुणेनं दिवा उचलून पाहिलं. पाहुण्याची सावली पडत नव्हती. पायाला धूळ नव्हती. तिनं ओळखलं. तो कुठल्या गावचा मुराळी, ते तुम्हीही ओळखलंत ना? हां. त्याच गावचा. तिथून परत कुणी येत नाही.

दिवा हलला. पण आवाज हलू दिला नाही तिनं. म्हणाली, "दादा, दिवा लागला. दिवा लागल्यावर आमच्या घरातून विरजणसुद्धा बाहेर देत नाहीत. मग मी कशी येऊ?"

मुराळी रीत पाळणारा होता. म्हणाला, "खरं आहे. सकाळी येतो."

सकाळी आला. सगुणा चांदीच्या कासेशी बसली होती.

"दादा, म्हशीनं पान्हा सोडलाय. धार अर्धी टाकली तर मुकं जनावर आटेल."

"खरं आहे. दुपारी येतो."

सगुणेनं त्या दिवशी गारव्याला घुसळलंच नाही. दही तसंच झाकून ठेवलं. ऊन पार डोक्यावर आलं, तेव्हा डेरा मांडला. का? तर लोणी गारव्याला जमतं आणि उन्हात विरघळतं. मुराळी आला तेव्हा रवी फिरत होती.

"दादा, मांडलेलं घुसळण मोडून बाई उठत नाही. लोणी निघालं की लेकीला भाकरी देते नि येते."

"रीतच आहे," मुराळी म्हणाला. "पण लोणी निघालं की निघायचं हं. आता मी माघारी जात नाही." आणि ओसरीवर बसला.

तानीनं त्याला गूळपाणी नेऊन दिलं. "घ्या ना मामा." त्यानं तांब्या हातात धरला, पोरीकडे बघितलं, आणि न पिताच खाली ठेवला.

सगुणा घुसळत राहिली. एकटीच. दोन्ही टोकं तिनं स्वतःच्या हातात घेतली होती. लोण्याचे कण जमायला लागले, की चुलीवरच्या तपेलीतलं कोमट पाणी डेऱ्यात सोडायची. कण विरायचे. परत घुसळायची. परत कोमट पाणी.

मग नवल झालं, बरं का. मुराळी बसला तसा सूर्यही बसला. जागचा हलेना. झाडाची सावली झाडाखालीच. गुरं रानात हंबरायला लागली. विहिरीचं पाणी खाली गेलं. दुपार सरेचना. शेजारची आनशीकाकू घागर घेऊन जाता जाता डोकावली. तोंडाची फटकळ, पण मनानं साधी.

"काय गं सगुणे, ताक घुसळतेस का समुद्र?"

सगुणा हसली नाही. "पोर अजून भाकरीही थापत नाही गं, आनशी," एवढंच म्हणाली. आनशीला काही कळलं नाही. ती गेली.

इकडे तानी बघत होती. आईच्या तळव्यांना फोड आले. फोड फुटले, दोरी लाल झाली. बाहेर मामा केव्हाचा ताटकळलाय. तानीला वाटलं, माझ्या आईला जन्मात पहिल्यांदा माहेर मिळालंय, आणि हे मेलं लोणी तिला सोडत नाही! मग तिला आठवलं. आईच म्हणते ना, लोणी अडलं तर गार पाण्याचा हबका द्यावा.

सगुणा पदरानं डोळे पुसत होती, घाम आला होता. की घाम नव्हता, कोण जाणे. तेवढ्यात तानीनं माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं आणि डेऱ्यात ओतलं.

रवी जड झाली. घुर्र आवाज थांबला. आणि वर आला पांढराशुभ्र गोळा.

"आये, आलं! मी गार पाणी घातलं. आता तू जा माहेरी!"

काय दौल्या? रागावली का? नाही रे बाळा. तिनं लेकीला पोटाशी धरलं. पुष्कळ वेळ धरलं. म्हणाली, "शहाणी गं माझी बाय. मलाच जमत नव्हतं बघ."

मग लोणी धुतलं. या वेळी तानीच्या हातानं धुवून घेतलं. गूळ किती, वेलदोडा किती, मिठाची कणी केवढी, सगळं तिच्या हातानं. भाकरी थापली, भाजली, पापुद्रा सोडवला, आणि लेकीला मांडीवर घेऊन घास घास भरवला. शेवटचा घास तानीनं आईच्या तोंडात घातला.

"हे वाटीभर ताक ठेवलंय," सगुणा म्हणाली. "यानं दूध विरजव. त्यातलं थोडं राखायचं, दुसऱ्या दिवशी लावायचं. विरजण मोडू देऊ नको, तानी."

"नाही मोडू देणार. कधी येशील?"

सगुणेनं नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तानीला दिसलं, आई मामाच्या मागून पांदीनं चाललीय. सूर्य हलला, सावल्या लांब झाल्या. आणि आनशीकाकू घागर भरून परत आली, तिला दिसलं, सगुणा घुसळखांबाला टेकून बसलीय. दोरी मांडीवर. डोळे मिटलेले.

काकूनं हंबरडा फोडला. मग तानीला कळलं, तो मुराळी कुठला होता.

पोर खाईना की पिईना. "मीच गार पाणी ओतलं," एवढंच म्हणायची. काकूनं समजावलं, वाडीनं समजावलं. मग काकूचं फटकळ तोंड सुटलं. "येडे, डेऱ्यातलं लोणी आज ना उद्या वर येणारच. कुणाचं राहिलंय कायमचं आत? पण ते वाटीतलं ताक बघ. आंबून वास यायला लागला. एकदा ते नासलं की बस मग बोंबलत, आयचं काही उरलं नाही म्हणून."

तानी उठली. चांदीचं दूध तापवलं, कोमट केलं, त्यात ते ताक लावलं.

दुसऱ्या दिवशी गारव्याला तिनं डेरा मांडला. सवयीनं समोर आईचा पाटही मांडला. बसली. दोन्ही टोकं धरायला तिचे हात पुरेनात, म्हणून एकच टोक धरलं. जोर लावून ओढलं. रवी अर्धी फिरली नि अडली. तानीला हुंदका आला.

आणि दोरीचं दुसरं टोक हळूच ताणलं गेलं.

तानीनं ओढलं. तिकडून ओढलं. घुर्र... घुर्र... पाटावर कुणी दिसत नव्हतं. पण लोणी आलं. तानीनं धुतलं, गूळ घातला, वेलदोडा घातला, मिठाची एकच कणी घातली. रडत रडत काकूनं थापलेली भाकरी खाल्ली. पण खाल्ली, बरं का.

पुढे तानी आनशीकाकूच्या घरी वाढली. लग्न झालं, तेव्हा ते विरजण सासरी घेऊन गेली. तिनं लेकीला दिलं, लेकीनं तिच्या लेकीला. असं फिरत फिरत ते आपल्या घरात आलं. म्हणून आपल्यात दुसऱ्याच्या डेऱ्यात न विचारता पाणी ओतत नाहीत. आणि एकटीनं घुसळायला बसलं, तरी समोर एक पाट मांडतात.

तानी सुखानं राहिली, काकू सुखानं राहिली, चांदीला पारड्या झाल्या. डेरा उपडा घातला, गोष्ट निथळली.

चंपे, रडू नको गं. माझ्या समोरच्या पाटावर कोण बसतं, ते तुला काय सांगू? मीच अजून पाहिलं नाही. दोरी तेवढी ताणते. मिटा डोळे. निजा आता.