पुरचुंडीचं कापड

एका नदीकाठच्या पेठेत एक कापडाचं दुकान होतं, आणि गंमत म्हणजे ते कुणा एकाचं नव्हतं. पेठेतल्या चाळीस घरांनी थोडे थोडे पैसे घालून ते उभं केलं होतं, म्हणून त्यात चाळीस घरांचा एकेक वाटा होता. दुकान सांभाळायला त्यांनी एका शेटजींना बसवलं. शेटजी विणकरांना सूत द्यायचे, त्यांच्याकडून तागे घेऊन विकायचे, आणि दिवाळीच्या पाडव्याला नफ्याचा वाटा प्रत्येक घराच्या हातावर ठेवायचे.

वाटा द्यायची त्यांची एक रीत होती. त्या सालच्या ताग्यातून हातरुमालाएवढा तुकडा कापायचा, त्यात नाणी बांधायची आणि ती पुरचुंडी द्यायची. एखाद्या साली चार नाणी निघत, एखाद्या साली दोन. एकदा तर शेटजींनी नुसता गुळाचा खडा बांधून दिला. सूत महागलंय, पैसा सुताला लागणार, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. लोकांनी गूळ खाल्ला आणि महिनाभर शेटजींच्या नावाने बोटं मोडली.

शेटजी गेले आणि त्यांचा मुलगा बसवंत गादीवर बसला. बसवंत सोन्यासारखा माणूस. खोट एकच होती, कुणाचं उतरलेलं तोंड त्याला बघवत नसे. पहिल्या पाडव्याला त्याने पाच नाणी दिली आणि लोकांचे चेहरे असे फुलले, की पुढच्या साली त्याला सहा द्यावीशी वाटली. मग सात, मग आठ. लोक पुरचुंडी तळहातावर झेलून तिचं वजन करायचे आणि म्हणायचे, "नदी आटेल, पण बसवंतची पुरचुंडी आटायची नाही." पुरचुंडी सोडून आत बघायचीसुद्धा कुणाला गरज वाटेना. आपण माणसं अशीच, हाताला जड लागलं की डोळ्यांना सुट्टी.

आठव्या साली बारा नाणी झाली. धंदा मात्र होता तेवढाच होता. वरची नाणी बसवंत सुताच्या पैशातून काढत होता. दरसाल थोडं हलकं सूत घ्यायचं आणि उरलेलं वाटून टाकायचं. यंदा तेरा द्यायची होती आणि गल्ला रिकामा होता. शेवटी त्याने दुकानामागची सुताची कोठी परगावच्या एका व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. कोठी गेली की सूत ठेवायला जागा नाही, सूत नाही तर विणकर नाहीत, आणि विणकर नाहीत तर दुकान नाही. हे त्याला कळत होतं. पण पाडवा चार दिवसांवर आला होता.

त्याच दुपारी निंगाक्का दुकानात आली. ही पेठेतली गोधड्या शिवणारी एकटी बाई. तिचाही एक वाटा होता. घराची निम्मी कौलं फुटली होती, थंडी सरळ अंथरुणात उतरायची, आणि यंदाच्या तेरा नाण्यांत कौलं बसवायची असं तिने गवंड्याला सांगूनही ठेवलं होतं. दरसाल पुरचुंडी सोडली की ती नाणी खर्चायची आणि कापड आपल्या गोधडीला जोडायची.

तिने ती गोधडी गादीवर पसरली आणि लाजतच म्हणाली, "बसू, जरा चांगला दोरा दे रे. माझा हात गेला बघ आता. जुनं शिवलेलं धड हाय, आन् नवं नवं फाटायलंय."

बसवंतने गोधडीवर नजर टाकली आणि त्याचा हात दोऱ्याकडे जाईना. एका कोपऱ्यात वडिलांच्या वेळचे तुकडे होते, धुवून धुवून रंग गेलेले पण ताठ. पलीकडे त्याचे आठ तुकडे, ओळीने. पहिला बरा होता. पुढचा जरा विरळ, त्याच्या पुढचा आणखी विरळ. शेवटच्या तुकड्याखाली निंगाक्काने हात धरला होता आणि तिच्या बांगड्या आरपार दिसत होत्या.

"आक्का, तुमचा हात गेला नाही," तो म्हणाला. "कापड माझं गेलंय." आणि मग सुतापासून कोठीपर्यंत सगळं त्याने सांगून टाकलं. सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

निंगाक्काने गोधडीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांपुढे तिची कौलं होती. मग तिने गोधडीतल्या एका जाड तुकड्यावर बोट ठेवलं. "हे तुझ्या बाबांनी गूळ दिलेल्या सालचं. लई शिव्या घातल्या मी त्यांना. पण आजवर ह्याला टाका घालावा लागला नाही बघ." तेवढं बोलून तिने गोधडीची घडी घातली आणि दोरा न घेताच ती घरी गेली.

बसवंतने व्यापाऱ्याला नाही म्हणून निरोप धाडला. पाडव्याला चाळीस घरं जमली, तेव्हा आधी सगळ्यांचं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. सणाच्या दिवशी तो बोडका उभा होता. दुकानात धड कापड उरलं नव्हतं, म्हणून त्याने वडिलांच्या वेळचा आपला फेटा कापून चाळीस तुकडे केले होते. प्रत्येकात गुळाचा खडा होता.

त्याने काही लपवलं नाही. ऐकून कुणी चिडलं, कुणी आपला वाटा परत मागितला, आणि पुरचुंडी घ्यायला कुणीच पुढे येईना. मग निंगाक्का उठली. तिने दोन्ही हातांनी पुरचुंडी घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि गवंड्याकडे वळून म्हणाली, "कौलं पुढच्या साली, बाबा." तिच्या घराची दशा सगळ्या पेठेला माहीत होती. तिच्यामागून एकेक माणूस उठला. त्या आठवड्यात पेठेतल्या पोरांनी तिच्या छपरावर गवताच्या पेंढ्या टाकल्या. फार देखणं नव्हतं, पण थंडी अडली.

पुढच्या पाडव्याला दोन नाणी निघाली. निंगाक्काने वजन केलं नाही. तिने तिथंच गाठ सोडली, नाणी कनवटीला लावली आणि रिकामं कापड उन्हात धरून त्यामागे आपला हात नेला.

"दिसत नाही," ती म्हणाली, आणि तो तुकडा तिने गालाला लावला.

तात्पर्य: मिळालेला वाटा तळहातावर जड लागला, तरी तो कुठून कापून आला हे एकदा उन्हात धरून बघावं, आणि ज्याला देणं जमणार नाही, त्याने प्रेमाने गूळ द्यावा, पण सुताचा पैसा वाटू नये.