कासारणीची तिसरी गाय

"पुन्हा गाय? अगं बाई, ही काय चेष्टा मांडली आहेस?"

कारभारी एवढ्या जोरात ओरडले, की दरबारात पेंगणारे मानकरीसुद्धा सावरून बसले. समोर तुळसा कासारीण पदर खोचून उभी होती. भीतीचं नाव नाही! बाईच तशी होती.

झालं होतं असं. नदीच्या अलीकडे भुजंगराजांनी नवी पेठ वसवली आणि पलीकडे सुभेदारांनी. दोघांनाही दुकानदार हवे होते. राजांनी दवंडी पिटली, "पेठेत दुकान थाटायला येईल त्याला एक दुभती गाय!" सुभेदार कशाला मागे राहतात? त्यांनीही गाय देऊ केली. तुळसाने आधी राजांची गाय घेतली, इमानाने बांगड्या विकल्या, कर भरला आणि ती गाय थोरल्या लेकीबरोबर तिच्या सासरी धाडली. मग बिऱ्हाड उचललं नि नदीपलीकडे! सुभेदारांची गाय मधलीबरोबर गेली. आता धाकट्या बकुळेचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, म्हणून बाई परत राजांच्या पेठेत हजर. नवरा केरू बिचारा दर वेळी चूलबोळकी डोक्यावर घेऊन तिच्या मागे मागे.

"गाय नव्या माणसाला असते," राजे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तू तर आमची जुनीच!"

"जुनी कशी, महाराज? परवा नाक्यावर तुमच्याच शिपायानं विचारलं, कोण गं तू, कुठून आलीस!"

दरबारात खसखस पिकली. राजांना ते झोंबलं.

"फार बोलतेस! मग ऐक. एकाच माणसाला, एकाच दारात, तोच मान पुन्हा पुन्हा देणारा माणूस माझ्या राज्यात दाखव. आणि वेडा चालणार नाही हं, चांगला शहाणा हवा! उद्या दिवेलागणीपर्यंत मुदत. दाखवलास तर गाय तुझी. नाही तर पहिली गायही तुझ्या लेकीच्या दारातून सोडून आणीन!"

आता मात्र पंचाईत झाली. धाकटीची गाय राहिली बाजूला, थोरलीच्याच अब्रूवर बेतलं! सासरच्या दारात सरकारी शिपाई येऊन गाय सोडणार, अख्खं गाव बघणार, आणि लेक कुठे तोंड लपवणार?

"तरी मी सांगत होतो!" घरी आल्या आल्या केरूने सुरू केलं. "एका जागी गप बसली असतीस तर?"

"गप बसून गाय मिळाली असती का? त्या शेजारच्या तेल्याला विचारा. पेठ वसली तेव्हापासून बसलाय. मिळालं का त्याला शेणसुद्धा?"

बोलली खरी, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती पेठभर फिरली. वाण्याला विचारलं, हलवायाला विचारलं. हलवाई म्हणाला, "पहिल्यांदा येणाऱ्याला मी पेढा हातावर ठेवतो, दुसऱ्यांदा आला की पैसे मागतो. वेडा आहे का मी?" सगळे असेच शहाणे! दुपार कलली आणि तुळसाचं अवसान गळालं.

तेवढ्यात राजवाड्यातून निरोप आला. राजकन्या अक्कासाहेब दिवाळीला माहेरी आल्या होत्या, त्यांना बांगड्या भरायच्या होत्या. दिवस कसाही असला तरी धंदा कुणाला चुकलाय? तुळसा गाठोडं घेऊन गेली.

अक्कासाहेबांचा हात हातात घेऊन ती हिरव्या बांगड्या चढवू लागली. राणीसाहेबांनी लेकीची ओटी भरली. शेजारी पैठणीची घडी ठेवलेली. राजे स्वतः आत-बाहेर करत होते, चेहरा नुसता फुललेला.

"पंचमीला दिली होती की पैठणी, आबा," अक्कासाहेब हसत म्हणाल्या.

"ती पंचमीची! ही दिवाळीची!" राजे म्हणाले. "आणि जाताना दुभती म्हैस घेऊन जा. मागची आटली म्हणालीस ना?"

तुळसाचा हात बांगडीवरच थांबला. मग तिने ती बांगडी नीट चढवली, कारण काम ते काम, आणि उठून मुजरा केला.

"महाराज, माणूस सापडला!"

"कोण?"

"माझ्यासमोरच उभा आहे. तोच मान, त्याच दारात, त्याच लेकीला, पुन्हा पुन्हा! आता हा माणूस शहाणा की वेडा, तेवढं महाराजांनीच सांगावं. मी गरीब बाई, माझी काय छाती!"

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला.

राजे गोरेमोरे झाले. "अगं, ती माझी लेक आहे! लेक पाहुणचार घेऊन सासरी गेली, म्हणून तिला परत आल्यावर दार लावायचं?"

"कधीच लावू नये, महाराज. पण मग रयत तुम्हाला मायबाप म्हणते, ती उगीच का? मायबाप असाल तर नदीपलीकडून परत आलेली लेक जुनी होत नाही. आणि मायबाप नसाल तर तसं सांगा, मी आत्ता पेठेत जाऊन सगळ्यांना कळवते!"

राजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लेक हसत होती, राणी हसत होती. मग राजांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना! डोळ्यांतून पाणी आलं, फेटा कलला.

"सोडा! गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय सोडा हिच्यासाठी!" ते कसेबसे म्हणाले. "आणि बकुळेला लग्नाचं लुगडं आमच्याकडून. पण तुळसा, आता खरं सांग, पलीकडे पुन्हा जाऊ नयेस म्हणून तुला काय देऊ?"

"मला एकटीला काही नको, महाराज. पेठेत टिकून राहिलेल्या प्रत्येकाला दर दिवाळीला काहीतरी द्या. बसल्या जागी मान मिळाला तर चूलबोळकी डोक्यावर घेऊन हिंडायची हौस कुणाला आहे?"

"दिलं!" राजे म्हणाले. "मग सुभेदारांकडे नाही ना जाणार?"

"मी कशाला जाऊ? हे ऐकून त्यांचीच अख्खी पेठ उद्या इकडे येईल!"

राजे पुन्हा खदाखदा हसू लागले. कारभारी मात्र गोठ्यातल्या गायी मोजायला धावले.