मुठीतलं नाव

हत्यारं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, त्या काळची ही गोष्ट. सरदार उदाजीरावांनी बांबूचं नवं धनुष्य करवून घेतलं आणि हुकूम सोडला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत माझं नाव कोरा. सगळ्या पदव्यांसकट!"

धनुष्य कोरायच्या हत्याराला, कोरणीला, हळूच म्हणालं, "कोरणीताई, माझ्या बांबूचे धागे कापलेस तर पहिल्याच ओढीला मी मोडेन गं."

"थांब जरा," म्हणत कोरणी सरदारांकडे वळली. "सरकार, आधी ओढून दाखवा. जिथं वाकणार नाही, तिथंच कोरीन."

सरदारांनी दोरी कानापर्यंत ओढली. सगळं धनुष्य वाकलं. वाकली नाही ती फक्त त्यांच्या मुठीखालची चार बोटं जागा. तिथं पदव्या कुठल्या मावायला? कोरणीने दोनच अक्षरं कोरली: 'उदा'.

"अगं, या नावानं तर आई हाक मारायची! आणि मुठीत झाकलेलं दिसणार कुणाला?"

"नेम लागला की लोक विचारतीलच, सरकार," धनुष्य म्हणालं. "तेव्हा मूठ उघडा."

सरदार खो खो हसले. त्यांनी बाण लावून दोरी सोडली, आणि अख्खं राहिलेलं धनुष्य खुशीत टणत्कारलं.