इनामदारांचा हात वर आला

श्रीकेवलनाथ महाराज त्या वर्षी तांबुळवेढ्यास होते. चावडीसमोरच्या पिंपळाखाली डोळे मिटून बसलेले असत. ती समाधी की झोप, यावरून गावात दोन पक्ष होते. महाराजांनी जागे होऊन कोणत्याच पक्षाची समजूत घातली नाही.

गावची जमीन इनामदार हैबतरावांची. कुळे ती पिढ्यान्‌पिढ्या कसत. कूळ वारले की त्याच्या बायकोने तेराव्याला चावडीवर यायचे. इनामदारांनी आपली काठी पुढे करायची, तिने दुसरे टोक धरायचे, की जमीन तिच्याकडे राहिली. सूर्य मावळेतो काठी पुढे आली नाही, तर जमीन परत इनामदारांकडे. आजवर कुणीही काठी अडवून धरली नव्हती, कारण तसे कुणाला सुचलेच नव्हते. हैबतराव मात्र हुशार होते.

गोजराबाईचा नवरा वारला. तिचा विहिरीचा मळा हैबतरावांच्या मेहुण्याच्या डोळ्यांत भरला होता. तेराव्याला ती सकाळपासून चावडीत उभी होती आणि हैबतराव काठी मांडीखाली घेऊन पान चघळत होते.

"सरकार, काठी द्या. लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

"मी नाही कुठं म्हणतोय, गोजरे? आज हातच वर येत नाही. त्याला मी काय करू?"

कारभारी रंगोपंत पोट धरून हसले.

गोजराने पिंपळाकडे हात जोडले. "महाराज, आता तुम्हीच!"

महाराज उठून चावडीत आले, खांबाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"वा! वकील आणलास, तोही पेंगणारा!" हैबतराव म्हणाले.

ऊन कलले. पारव्यांचे घुमणे संथ झाले. नुकतेच पाणी दिलेल्या मळ्याचा गारवा कुठूनसा चावडीत शिरला आणि हैबतरावांची हनुवटी छातीला टेकली.

त्यांना दिसली एक अफाट चावडी. खांब थेट आभाळात गेलेले, फरशीवर चांदणे सांडलेले. गादीवर कुणी सावळे धनी, हाती काठी. हैबतराव समोर अनवाणी उभे.

"धनी, मला जागा द्या."

धनी दुसरीकडेच पाहत होते. चांदणे विझू लागले. हैबतरावांना रडू फुटले. "या जागेवाचून मी कुठं जाऊ?"

खांबाशी पेंगणारा एक साधू म्हणाला, "देवा, याचाही हात धर." आणि काय सांगावे, काठी पुढे आली! हैबतरावांनी ती घट्ट धरली.

डोळे उघडले तेव्हा ते चावडीच्या मधोमध उभे होते. काठीचे एक टोक त्यांच्या मुठीत होते, दुसरे गोजराच्या. तिच्या पदरावर मावळतीचे ऊन होते.

"तुम्हीच उठून आलात, सरकार," चावडीत बसलेले गावचे पाटील हळूच म्हणाले. "डोळं मिटलेलं, अन् रडत होता."

रंगोपंत कानाशी लागले. "सरकार, झोपेतलं देणं खरं नव्हे. अजून ऊन आहे, नाही म्हणा."

"गप बसा, पंत. मी देत नव्हतो. घेत होतो."

हैबतरावांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांशी ठेवले. महाराजांनी डोळे उघडले.

"मिळाली का जागा?"

"मिळाली, महाराज. पण तिथं मी कूळ आहे."

"मग गोजराबाई तुमच्या शेजारीण झाल्या," महाराज म्हणाले. "शेजारणीला रामराम करा."

आणि हैबतराव भर चावडीत गोजराबाईपुढे वाकले.