मुखशिळा

त्या राज्यात साळिंदरांची घडण पूर्ण झालेली होती. तसे सर्वांनी मानले होते, आणि मानायला कारणही होते. राज्याभोवती घायपाताचे दाट कुंपण होते. त्याला कित्येक पिढ्यांत खिंडार पडले नव्हते, त्यामुळे बिबट्या आता केवळ हट्टी पिल्लांना झोपवण्यापुरता उरला होता. अन्न जमिनीखालच्या पेवांत भरलेले असे. पेव उघडावे, धान्य काढावे, रात्रभर भिजत घालावे आणि सकाळी मऊ लगदा खावा, एवढेच काम असे.

जुन्या काळी असे नव्हते, हेही सर्वांना ठाऊक होते. तेव्हा बिबट्या होता, कोरडी वर्षे होती, खायला दगडासारखी कठीण मुळे होती. ज्याचे काटे आखूड तो मारला जाई, ज्याचा जबडा दुबळा तो उपाशी मरे. जे उरत त्यांची पिल्ले त्यांच्यासारखी निपजत. असे घडत घडत साळिंदर साळिंदर झाले. मग कुंपण आले, पेवे आली, आणि घडवणारा हात थांबला. मूर्ती पुरी झाल्यावर मूर्तिकार छिन्नी खाली ठेवतो, तसाच तो थांबला. हे भाषण पंचमंडळाचे प्रमुख शूळपंत दरवर्षी करत आणि शेवटच्या वाक्याला आपले काटे किंचित फुलवत. काटे खरोखरच देखणे होते.

कोणी शंका घेतलीच तर पुरावाही तयार होता. राज्याच्या मध्यभागी एक काळी शिळा होती आणि तिच्यात मूळपुरुषाच्या मुखाचा ठसा होता. मूळपुरुष तापलेल्या चिखलात तोंड घालून पाणी शोधत असताना तो उमटला आणि पुढे चिखलाचा दगड झाला, अशी कथा होती. वयात आलेले प्रत्येक पिल्लू मेळाच्या दिवशी तोंडाला तेल लावून या मुखशिळेत तोंड घाली आणि नाकातून जोरात श्वास सोडी. तोंड ठशात नेमके बसले तर श्वासाला बाहेर पडायला वाट मिळत नसे आणि सगळे शांत राही. मग जमाव एका सुरात ‘मेळ!’ म्हणे, आणि त्या दिवसापासून पिल्लाला पेवात वाटा मिळे. मूळपुरुषाचे तोंड ते आपले तोंड, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

कधी कधी बारीक शीळ वाजे. गालापाशी, हनुवटीपाशी फट राहिली की तिच्यातून वारा निसटे. त्यासाठी म्हाळप्पा होता. तो मुखशिळेचा राखणदार होता आणि त्याच्या आधी त्याचा बाप होता. शीळ वाजली की म्हाळप्पा ओला पंजा धरून वारा कुठून येतो ते पाही, चिमूटभर शाडू पाण्यात कालवी आणि ठशात आतून एक पातळ हात फिरवी. दुसऱ्या सकाळी तो थर सुकलेला असे. तेच पिल्लू पुन्हा तोंड घाली आणि शांतता पसरे.

यात काही वावगे आहे असे कोणाला कधी वाटले नाही. मुख चुकणे शक्य नव्हते, तेव्हा शिळाच झिजली असणार. ‘दगड झिजतो, साळिंदर झिजत नाही’ ही त्या राज्यातली म्हण होती. बिळाची वाटणी करताना, सुनेची समजूत घालताना, म्हाताऱ्याला वैद्याकडे नेताना, कुठेही ती चाले. म्हाळप्पा तर ती मनापासून मानत असे. तो अत्यंत प्रामाणिक होता. लागेल त्याहून कणभरही जास्त शाडू त्याने कधी वापरला नाही.

म्हाळप्पाला एकच लेक होती, यसू. तिच्या वयाची सगळीच पिल्ले लगद्यावर वाढलेली होती, पण यसूचे तोंड त्यांच्यातही निराळे होते. मुस्कट निमुळते, हनुवटी लहान, दात बारीक. बोरसुद्धा तिला भिजवून लागे. उलट, पेवाच्या झाकणाच्या फटीत मुस्कट घालून ती आतल्या धान्याचा वास घेई आणि तळाचे आंबले आहे की नाही ते झाकण न उघडता सांगे. तिच्यामुळे मागच्या उन्हाळ्यात पूर्वेकडचे पेव वाचले होते. लोकांनी त्याला योगायोग म्हटले आणि धान्य खाल्ले.

त्या वर्षी मेळाच्या दिवशी रांगेत पहिली यसू होती. तिने तोंडाला तेल लावले, ठशात तोंड घातले आणि श्वास सोडला.

अशी शीळ त्या राज्यात कोणी ऐकली नव्हती. कुंपणावर बसलेले बगळे उडाले. मग हशा पिकला.

“अगं बाई, पोर आहे की पावा?” भागाक्का म्हणाली. ती पंचमंडळातली सर्वांत म्हातारी होती आणि कुठल्याही प्रसंगी पहिले बोलण्याचा तिचा मान होता. “म्हाळप्पा, लग्नाला वाजंत्री नकोत रे तुला.”

म्हाळप्पा हसला नाही. त्याने ओला पंजा धरून पाहिला. वारा एका जागेतून येत नव्हता, चहूकडून येत होता. तो गेला आणि शाडू कालवू लागला. चिमूट पुरेना म्हणून मूठ घेतली, मूठ पुरेना म्हणून दोन्ही पंजे भरून घेतले.

“अरे, एवढ्या मातीत चूल होईल,” भागाक्का म्हणाली. या वेळी हसणारे थोडे होते.

“थांब म्हाळप्पा,” शूळपंत म्हणाले. “दगड झिजतो हे खरं. पण एका वर्षात एवढा?”

“झिजलाय, पंत.”

“मागच्या वर्षी शेवटचं पिल्लू नीट बसलं होतं. मी स्वतः उभा होतो इथं.” त्यांनी यसूकडे न बघता तिच्याकडे पंजा केला. “शिळेला काही झालेलं नाही. मेळ नाही तो साळिंदर नाही, आणि पेव साळिंदरांचं आहे. दिवस मावळायच्या आत हिला कुंपणाबाहेर सोडावं लागेल. मला आनंद होतोय असं समजू नकोस.”

कुंपणाबाहेर गेलेले कोणी परत आलेले नव्हते. तिकडे पेवे नव्हती, भिजवलेले धान्य नव्हते, आणि बिबट्या केवळ झोपवण्यापुरता नव्हता.

“पंत,” यसू म्हणाली, “मी साळिंदर नाही, तर मग कोण आहे?”

“ते ठरवणं पंचमंडळाचं काम नाही.”

रांगेत मागे उभी असलेली पिल्ले हळूच आपापली हनुवटी चाचपू लागली होती. एका आईने आपल्या मुलाचा पंजा खाली ओढला. दुसरीने मुलाला रांगेतूनच बाहेर काढले आणि ‘याचं पोट दुखतंय’ असे कोणी विचारण्याआधीच सांगून टाकले.

म्हाळप्पाच्या पंजांतून शाडूचे पाणी गळत होते. “दगड झिजलाय, पंत,” तो पुन्हा म्हणाला.

“लेकीसाठी म्हणतोयस.”

“लेकीसाठीच म्हणतोय. पण तुम्हीच सांगा, दुसरं काय झिजणार? साळिंदर तर झिजत नाही.”

जमावात कुजबुज झाली. म्हण सर्वांची होती आणि ती म्हाळप्पाच्या बाजूने पडली होती. शूळपंतांनी विचार केला. ते न्यायी होते आणि आपण न्यायी आहोत हे चारचौघांना दिसलेले त्यांना आवडत असे.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “माझ्या मेळाच्या दिवशी चिमूटभर मातीही लागली नव्हती. विचारा भागाक्काला.”

“नव्हती लागली,” भागाक्का म्हणाली. “आईने तेल मात्र वाटीभर चोपडलं होतं.”

“तर मी तोंड घालतो. शिळा झिजली असेल तर मलाही शीळ येईल, आणि पोर घरी जाईल. शीळ आली नाही, तर दोष शिळेचा नाही. मग म्हाळप्पा, तू एक अक्षर बोलायचं नाहीस.”

म्हाळप्पाने मान हलवली. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. यसू शिळेच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

शूळपंतांनी तेल लावले, डोळे मिटले आणि तोंड ठशात घातले. ते आत जाईना. त्यांनी आणखी तेल मागवले. दोन्ही गालांना लावून पुन्हा प्रयत्न केला.

“जबडा मिटा जरा,” भागाक्का म्हणाली. “भाषण नाही करायचं.”

शूळपंतांनी मागचे पाय जमिनीत रोवले आणि सगळा जोर लावला. एक ओलसर आवाज झाला आणि तोंड आत गेले. त्यांनी श्वास सोडला. कोणीही कान टवकारले तरी ऐकू येण्यासारखे काही नव्हते. वारा कुठूनही सुटला नाही.

“मेळ!” दोघेतिघे म्हणाले. बाकीच्यांनी म्हटले नाही. सर्वांच्या नजरा यसूवरून कुंपणाकडे आणि कुंपणावरून मावळतीकडे गेल्या. म्हाळप्पाने पंजातला शाडू खाली ठेवला. तो अगदी हळू ठेवला, जणू त्याला लागेल.

मात्र शूळपंत उठले नाहीत.

ते उठण्याचा प्रयत्न करत होते. त्यांचे मागचे पाय माती उकरत होते आणि शिळेतून काहीतरी घुमल्यासारखे ऐकू येत होते. ते काय म्हणत आहेत हे कोणाला कळेना, पण बोलण्याची तऱ्हा अध्यक्षीय होती. चारजण मदतीला धावले. घाबरल्यामुळे पंतांचे सगळे काटे उभे राहिले होते, त्यामुळे मदतीला गेलेले चौघेही ओरडत मागे आले.

“पंत, काटे मिटा,” यसू म्हणाली. ती त्यांच्या कानाशी वाकली होती. “मिटा काटे. बाबा तुमचे पाय धरतोय. तो धरेल, तुम्ही फक्त मागं या.”

काटे हळूहळू मिटले. म्हाळप्पाने त्यांचे मागचे पाय धरले, यसूने म्हाळप्पाला धरले, आणि ज्यांना काटे टोचले होते तेही येऊन तिच्या मागे लागले. सर्वांनी एकदम ओढले.

शूळपंत बाहेर आले. त्यांच्या तोंडाबरोबर ठशातले सगळेच बाहेर आले.

मातीचा एक मोठा गोळा त्यांच्या मुस्कटावर टोपीसारखा बसला होता. पंत मागे कोलमडले, तसा तो निसटून जमिनीवर पडला. त्याचा चुरा झाला नाही. दर मेळाला तोंडावरचे तेल त्या शाडूला लागत आले होते, आणि तेलावर बसलेला थर खालच्या थराला कधी घट्ट चिकटला नव्हता. वाटीतून वाटी निघावी तसे थर सुटे झाले आणि उपडे पडले. प्रत्येक वाटी एक तोंड होती.

म्हाळप्पा गुडघे टेकून पाहू लागला. सर्वांत आतली, अरुंद तोंडे त्याला ओळखू आली. त्यांच्यावर त्याचाच हात फिरलेला होता. त्यांच्या बाहेरची त्याच्या बापाची होती. बाप शाडू डावीकडून उजवीकडे फिरवी. त्याही बाहेरची कोणाची, ते सांगायला कोणी जिवंत नव्हते. सर्वांत बाहेरचे तोंड, जे दगडाला चिकटून होते, ते रुंद आणि आडदांड होते. जबडा पाटीएवढा, दात पुढे आलेले, कपाळ बसके. आईच्या पोटाखाली उभे असलेले एक पिल्लू ते पाहून रडू लागले.

भागाक्का त्या तोंडाभोवती दोनदा फिरली. “हे आमच्या घराण्यातलं नाही,” ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहून म्हणाली, “तुमच्याही कुणाच्या नाही.”

शिळेतला ठसा आता मोकळा झाला होता. तो काळा, खोल आणि इतका मोठा होता की शूळपंतांचे डोके काट्यांसकट त्यात मावले असते. पंतांनी त्यात एकदा वाकून पाहिले. तोंड घातले नाही.

दिवस मावळत आला होता. कुंपणाकडे कोणी पाहत नव्हते. यसू थर एकेक सोडवून घेत होती. तिने ते आडदांड तोंड उचलून शिळेपाशी ठेवले, त्याच्याशेजारी त्याच्या आतले ठेवले, मग त्याच्या आतले. ओळ लांबत गेली. लगतच्या दोन तोंडांत फरक दिसत नसे; डोळे बारीक करून पाहिले तरी दिसत नसे. लोक ओळीच्या कडेने चालू लागले. चालता चालता कोणी थांबे, वाकून हुंगे, आपला गाल लावून पाही, पुढे जाई. एका म्हाताऱ्याने एका तोंडापाशी बसकण मारली आणि ‘आज्जी’ म्हणाला. त्याला कोणी हसले नाही.

शूळपंतही चालत आले. त्यांच्या ओठाला सूज आली होती आणि गालांवर माती होती. ओळीच्या बऱ्याच पुढच्या भागात, शेवटापासून फार लांब नाही अशा जागी ते थांबले. त्यांनी ती वाटी उचलून तोंडाला लावली आणि श्वास सोडला. शीळ आली नाही. वाटी खाली ठेवून त्यांनी एकदा मागे शिळेकडे पाहिले, मग पुढे, ओळ जिथे संपत होती तिकडे पाहिले. तिथे यसू बसली होती.

तिने बापाने खाली ठेवलेला शाडू मागून घेतला होता. तो ती जमिनीवर थापटत होती. थापटून झाल्यावर तिने तोंडाला तेलाचे बोट लावले आणि निमुळते मुस्कट ओल्या मातीत दाबले. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग अलगद मान वर केली आणि तो ठसा ओळीच्या शेवटी सरकवला. रांगेतली बाकीची पिल्ले, पोट दुखणारेसुद्धा, तिच्याभोवती जमली होती, आणि त्यांच्यामागे त्यांचे आईबाप दाटीवाटीने उभे होते. ओळीला पुढे सरकायला वीतभरही जागा नव्हती.

“मागं व्हा,” शूळपंत सुजलेल्या ओठांनी म्हणाले. त्यांचा आवाज नीट फुटत नव्हता, म्हणून ते स्वतःच दोन्ही पंजांनी लोकांना मागे सारू लागले. लोक पाऊलभर सरले. पंतांनी यसूच्या ठशापुढची मोकळी झालेली जमीन पाहिली आणि मान हलवली.

“एवढ्यानं काय होतंय?” ते म्हणाले. “अजून मागं व्हा. अजून.”