राजाची सून आणि खांबांवरचं वीजघर

धाकट्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा मी देवीला बोलले होते, की दोघं सुखरूप घरी आली तर दर श्रावणात मुलांना बसवून एक नवी कहाणी सांगेन. आली. ही यंदाची.

समुद्रात एक देश होता, ताटलीसारखा सखल. भरतीचं पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकलं, तरच माणसं कोरड्यात निजायची. पंप चालायचे विजेवर, आणि कोळशावरचं वीजघर होतं अगदी किनाऱ्याला. राजाच्या वडिलांनी ते हौसेनं बांधलेलं.

वीजघराच्या पायऱ्यांवर समुद्राला दिवा ठेवायची रीत होती. पुढे जगभरच्या धुरानं हवा तापली, दूरचे बर्फाचे डोंगर वितळले, समुद्र चढू लागला. लाटेनं दिवा विझला, की लोक तो एक पायरी वर ठेवत आणि हात जोडून घरी जात.

एका वर्षी दिवा शेवटच्या पायरीवर आला. राजाची सून तो ठेवायला गेली, ती तशीच परतली. राजा जेवायला बसला होता.

“मामंजी, आपण दिवा तेवढा वर नेतो. वीजघर कधी नेणार?”

“वीजघराला काय पाय आहेत?”

“खांब देऊ की. वर वारा आहे, ऊन आहे. त्यांवरच वीज करू. धूरही नको.”

“हे चालतंय ना अजून?”

“चालतंय तोवरच करायला हवं. बंद पडलं तर तुमच्या नातवाला पाण्यात निजवू का?”

राजा रुसला. पानावरून उठून गेला. सकाळी मात्र स्वतः पहार घेऊन पायऱ्यांपाशी उभा होता. वाळूच्या त्या देशात दगड तेवढेच. वडिलांच्या पायऱ्या त्यानं आपल्या हातांनी उखडल्या आणि खांबांच्या पायात घातल्या. मग सगळा देश कामाला लागला.

नवं वीजघर उभं राहिलं आणि मोठं वादळ आलं. जुनं वीजघर छपरापर्यंत बुडालं. पण वर साठवलेल्या विजेवर पंप चालत राहिले. वादळ सरताच, तोवर थांबवून ठेवलेल्या पवनचक्क्याही फिरू लागल्या. शेजारच्या बेटांवर अंधार होता. तिथल्या होड्या इथला उजेड बघून आल्या. राजा गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेकाला उतरवून घेत होता.

“ही अक्कल कोणाची हो?” एका म्हातारीनं विचारलं.

“सुनेची. माझं काम रुसायचं, ते मी केलं.”

“मग आमच्याकडेही या की रुसायला.”

पाणी ओसरल्यावर राजा, सून आणि अर्धा देश शेजाऱ्यांचे खांब रोवायला निघाला. त्या वर्षी सगळी बेटं उजळली.

तात्पर्य: संकट दिसलं की देवाला हात जोडावे, आणि तेच हात लगेच कामाला लावावे.

बाळांनो, तुम्हीही तसंच करा. रिकाम्या खोलीतला दिवा मालवा, धूर कमी करा. आणि मोठ्यांनो, घरातली सून काही सांगत असेल, तर पानावरून न उठता ऐका.